फ्रीगंजची न्याहरी

मोठ्या शहरात सकाळी कोठे खावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पोटाचा आहे. परगावी उतरलेला मनुष्य तो हॉटेलच्या कारकुनाला विचारतो, कारकून बोटाने रस्ता दाखवितो, आणि प्रश्न तेथेच संपतो. परंतु गेल्या डिसेंबरात उज्जयिनीच्या फ्रीगंज भागात आम्हांला जी न्याहरी घडली, तिने या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही असे आम्हांला पटविले. ती हकीकत सांगण्यापूर्वी वाचकांची थोडी क्षमा मागितली पाहिजे. खाण्याच्या गोष्टीत आम्ही आमचे एक जुने देणे घुसडणार आहोत, आणि वकिलाच्या तोंडी देण्याची कबुली सहसा येत नाही.

इंदूरच्या खंडपीठापुढील एका कामासाठी आम्ही मुंबईहून निघालो होतो. मध्ये दोन दिवस मोकळे मिळत होते. अवंतिका एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरास जाताना वाटेत उज्जैनला थांबते. तेथेच उतरावे, महाकालेश्वराचे दर्शन घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी इंदूर गाठावे, असे आम्ही घरी जाहीर केले. अंतर अवघे पंचावन्न किलोमीटर. आमच्या मातोश्रींनी एवढेच विचारले, "म्हणजे तुझ्या त्या मित्राचें गांव मरे?" आम्ही होकार दिला. त्या उठून आत गेल्या आणि गोव्याहून आलेल्या तांबड्या फोवांची पिशवी आमच्या बॅगेत घालून म्हणाल्या, "रित्या हातान वचूं नाका." मित्राकडे जाण्याचा विषय आम्ही काढलाही नव्हता.

हा मित्र पुण्यास कायद्याच्या अभ्यासक्रमात आमच्याबरोबर होता. सदाशिव पेठेतील एका वाड्यातली एक खोली आम्ही दोघांनी तीन वर्षे वाटून घेतली. तो उज्जैनचा, शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या मराठी घराण्यातला. त्याची मराठी ऐकून पुणेकर हसत. आमची मराठी कोकणीच्या वळणाची, म्हणून आम्हांलाही ते हसत. दोघांवर एकत्र हसणारे पुष्कळ असले की मैत्री लवकर जमते. त्याचे वडील दर महिन्याला शेवेचा आणि जिरावणाचा डबा पाठवीत, आणि तो डबा उघडला की आमचा हा स्नेही फ्रीगंजमधल्या घंटाघराजवळच्या एका पोह्याच्या गाडीचे वर्णन सुरू करी. ते इतक्यांदा ऐकले होते की तो रस्ता न पाहताच आम्हांला पाठ झाला होता.

शेवटच्या वर्षी आमच्या घरून पैसे वेळेवर आले नाहीत आणि परीक्षेच्या शुल्काची मुदत संपत आली. त्याने काळ्या कोटासाठी वडिलांकडून आलेली रक्कम काढून आमचे शुल्क भरले. पैसे आम्ही पुढे दोन महिन्यांत फेडले. तो मात्र पहिल्या दिवशी उज्जैनच्या न्यायालयात वडिलांच्या एका मित्राचा जुना कोट घालून उभा राहिला, हे आम्हांला फार नंतर कळले.

पुढे आमची वकिली मुंबईत बऱ्यापैकी चालली. पत्रे केव्हाच मागे पडली होती; वर्षातून एखादा दूरध्वनी होई. २०२१ च्या वैशाखात, महामारीची दुसरी लाट सर्वांत भयंकर होती त्या दिवसांत, त्याचा दूरध्वनी आला. आम्ही घरूनच, पडद्यासमोर, एका सुनावणीत होतो. आम्ही तो कापला. संध्याकाळी करू म्हटले. संध्याकाळी दुसरे काम निघाले. चौथ्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडून समजले की त्याचे वडील गेले, आणि ज्या दिवशी तो दूरध्वनी आला त्या दिवशी तो मुंबईत कोणाच्या तरी ओळखीने औषध मिळते का, हे शोधीत होता. सांत्वनाचा मजकूर आम्ही चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला. लाजेला एक वाईट खोड असते. ती जितकी राहते तितकी वाढते. महिना गेला, वर्ष गेले, आणि मग आता काय लिहावे, हीच सबब झाली.

तर अशा स्थितीत आम्ही उज्जैनला उतरलो. रेल्वेच्या रुळांनी या शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेस जुने शहर: महाकाल, हरसिद्धी, गोपाळ मंदिर, रामघाट आणि क्षिप्रा. पूर्वेस, पुलापलीकडे, फ्रीगंज: सरळ आखलेले रस्ते, बाजारपेठ, दवाखाने, वकिलांच्या पाट्या आणि मध्यभागी घंटाघर, ज्याला सर्व जण टॉवर म्हणतात. जुने शहर देवांचे आणि फ्रीगंज संसारी माणसांचे, असे प्रथमदर्शनी वाटते. आम्ही मुद्दामच फ्रीगंजमध्ये एका साध्या लॉजात खोली घेतली. तेथून मित्राचे घर दहा मिनिटांवर होते, आणि तेवढे दहा मिनिटे चालण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते.

म्हणून आम्ही पोहे खायला निघालो.

माळव्यातील पोहे आणि आपले कांदेपोहे यांत भावंडांचे साम्य आणि भावंडांचाच फरक आहे. आपण कांदा फोडणीत परततो, पोहे त्यावर घालतो, झाकण ठेवून एक वाफ काढतो आणि वर खोबरे-कोथिंबीर पेरतो. तेथे जाड पोहे धुऊन, निथळून, हळद, मीठ आणि किंचित साखर लावून ठेवतात. फोडणी अगदी हलकी, तीत मोहरीबरोबर बडीशेप. मग ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवितात आणि पोहे सकाळभर वाफेवरच राहतात. त्यामुळे ते तेलकट होत नाहीत, कोरडे पडत नाहीत, आणि दहा वाजता येणाऱ्यालाही सात वाजताचेच पोहे मिळतात. वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे, आणि शेवटी चिमूटभर जिरावण: जिरे, आमचूर, काळे मीठ, सुंठ, हिंग अशा जिनसांची ती पूड आहे. शेजारच्या कढईतून निघालेली गरम जिलबी त्याबरोबर घ्यायचीच. तिखट, आंबट आणि गोड हे तिन्ही एका घासात कसे सुखाने नांदतात, हे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ज्यांना पोहे नको असतील त्यांच्यासाठी कचोरी आणि समोसे आहेत, आणि उपासाच्या दिवशी वाफेवरची साबुदाण्याची खिचडी.

हे पोहे मराठी घराण्यांबरोबर माळव्यात आले, असे तिकडे जो तो सांगतो. न्यायालयात ही ऐकीव साक्ष ठरेल. पण मराठी माणसे तेथे केवढ्या प्रमाणात गेली त्याचे पुरावे दगडांत उभे आहेत. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास ते ग्वाल्हेरीजवळच्या लष्करास हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानी हीच. गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधविले. हरसिद्धीच्या अंगणात दोन उंच दीपमाळा पाहिल्या की आपण आपल्याच कुलदेवतेच्या प्रांगणात उभे आहोत असा भास होतो. आणि आपल्या वाचकांना विशेष सांगण्याची गोष्ट अशी की, अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार ज्यांनी केला ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी, म्हणजे आपल्याच ज्ञातीचे. कोकणपट्टीचा एक कारभारी क्षिप्रेच्या काठी देऊळ उभारतो, तर त्याच्या स्वयंपाकघरातून फोव तेथे गेले नसतील असे कोणी म्हणावे?

असो. गाडीवाल्याला आम्ही हळूच मित्राचे वर्णन सांगून विचारले. तो म्हणाला, "वकील साब? सात बजे आते ही होंगे। तब तक एक प्लेट लगाऊँ?" पावणेसात झाले होते. पळून जाण्यास पंधरा मिनिटे पुष्कळ होती. आम्ही प्लेट घेतली.

थंडी चांगलीच होती. भस्मआरतीहून परतलेले यात्रेकरू कपाळी गंध घेऊन वाफाळत्या भांड्याभोवती उभे होते. ही आरती पहाटे चारच्या सुमारास होते, आणि तिच्यासाठी आधी परवानगी काढावी लागते; त्यामुळे तेथून येणारा प्रत्येक जण रात्रभर जागलेला आणि भुकेला असतो. त्यांच्या शेजारी रिक्षावाले, शाळकरी मुले, दुकान उघडण्यापूर्वी आलेले व्यापारी. कोणी कोणाला ओळखत नव्हते आणि शेवेची बरणी मात्र सर्वांच्या हातांतून फिरत होती.

सातला पाच कमी असताना तो आला. केस पांढरे झाले होते. काखेत कागदांचे पुडके. त्याने आम्हांला पाहिले, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "आलास? जिलबी घेतली का? नाही घेतली! अरे, पंचवीस वर्षे काय सांगत होतो मी तुला?" आणि गाडीवाल्याकडे वळून त्याने आमच्यासाठी जिलबी मागविली. जे चार वाक्यांचे भाषण आम्ही रेल्वेत तयार केले होते त्याला तोंड फुटलेच नाही.

त्याच्या पुडक्यात गाडीवाल्यांचेच अर्ज होते. २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते रुंद होत आहेत, आणि रस्ता रुंद झाला की प्रथम गाडी हलते. या लोकांची कामे तो करतो. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सोदान सिंग यांच्या खटल्यात रस्त्याकाठी व्यापार करणे हाही वाजवी निर्बंधांस पात्र असा मूलभूत हक्कच आहे असे ठरविले. पुढे २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर विक्रय समिती निर्माण केली आणि तीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत असे सांगितले. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठविता येत नाही. ही कलमे आम्हांलाही पाठ आहेत. आम्ही ती परिसंवादांत म्हणून दाखवितो. तो ती सकाळी सात वाजता, एका हातात प्लेट धरून, ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांना समजावून सांगतो.

खाणे झाल्यावर त्याने दोघांचे पैसे मोजून दिले. गाडीवाला घेईना, याने ते पेटीत टाकले. आम्ही विचारले, "यांच्याकडून फी घेत नाहीस, आणि पोह्यांचे पैसे देतोस?"

तो म्हणाला, "फी नाही म्हणून पोहे फुकट खाल्ले, तर ती फीच झाली की रे. आणि तीही रोजची! माझ्या आजच्या फीपेक्षा जास्त भरेल." आणि मोठ्याने हसला. ते हसणे सदाशिव पेठेतलेच होते.

मग त्याने आम्हांला घरी नेले. त्या दहा मिनिटांच्या वाटेत तो मुलाच्या शाळेविषयी आणि क्षिप्रेच्या पाण्याविषयी बोलत होता. आम्ही हुंकार देत होतो. घरात शिरताच समोर वडिलांची तसबीर, तिला ताजा हार. काकू बाहेर आल्या. आम्ही नमस्कार केला आणि बॅगेतून फोवांची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठभर ओंजळीत घेऊन निरखले. "तांबडे! असे आमच्याकडे मिळत नाहीत. आईंनी दिले?" आम्ही मान हलविली. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे दुधातले, रोसातले, ताकातले, तिखट असे पाच-सहा परींचे फोव होतात आणि शेजारी एकमेकांकडे फिरून ते खातात, असे आम्ही सांगू लागलो. आम्ही अंमळ जास्तच बोलत आहो हे आम्हांला कळत होते.

काकू ऐकत होत्या. मग तसबिरीकडे पाहत त्या सहज म्हणाल्या, "हे गेले तेव्हा तू पुष्कळ प्रयत्न केला असशील. पण ते दिवसच तसे होते, बाळा. कोणाचा फोन कोणाला लागत नव्हता."

ही सबब त्यांनी आमच्यासाठी आपल्या मनात किती दिवस जपून ठेवली होती कोण जाणे. ती घेतली असती तर प्रकरण तेथेच मिटले असते. समोरच्या पक्षाने स्वतःहून सोडलेला मुद्दा वकील कधी पुन्हा उकरीत नाही. परंतु मित्र खाली मान घालून बुटांचे बंद सोडीत होता, आणि ते सुटता सुटत नव्हते.

आम्ही म्हणालो, "फोन लागला होता, काकू. त्याचाच आला होता. मी कामात होतो, मी तो कापला. नंतर केला नाही. नंतर लाज वाटली."

घरात कोणी काही बोलले नाही. काकू पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. मित्र म्हणाला, "मला ठाऊक होते. एकदा घंटी वाजून कापला, तर समोर माणूस असतो." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "राग होता रे. दोन वर्षे होता. खोटे कशाला बोलू?" त्यानंतर काकूंचा आतून आवाज आला, "गूळ किती घालतात तुमच्याकडे? येऊन सांग." आम्ही उठलो आणि आत जाऊन सांगितले. त्यांनी नारळाचा रस काढला, आम्ही गूळ चिरला. चूक माफ झाली की नाही हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. त्या सकाळची आमची ही दुसरी न्याहरी. साहेबाच्या देशात न्याहरी आणि जेवण यांच्यामधल्या खाण्याला मोठे नाव आहे. आपल्याकडे दहा वाजता पेज घेणाऱ्या शेतकऱ्याने त्याचा कधी डौल केला नाही.

दुपारी तो आम्हांला मंगलनाथाच्या रस्त्यावरील सांदीपनी आश्रमात घेऊन गेला. श्रीकृष्णाने आणि सुदाम्याने येथेच एकत्र अध्ययन केले, अशी श्रद्धा आहे. जवळच गोमती कुंड आहे. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा येते, आणि तीत त्याचा परिचय 'कोणी एक ब्राह्मण सखा' असाच करून दिला आहे. सुदामा हे नाव कथाकीर्तनांतून आपल्या ओठांवर रुळले. बायकोने शेजारून चार मुठी पोहे मागून आणले, ते फडक्यात बांधून तो द्वारकेला गेला, आणि तेथील वैभव पाहून त्याला ती पुरचुंडी पुढे करण्याची लाज वाटली. कृष्णाने ती स्वतः ओढून घेतली. त्याआधी देवाने त्याला गुरुगृहीच्या एका रात्रीची आठवण दिली: सरपण आणायला गेले असता वादळ-पावसात दोघे अरण्यात अडकले आणि हात धरून रात्रभर हिंडले.

लहानपणी देवळात ही कथा ऐकताना आम्ही नेहमी सुदाम्याच्या बाजूचे असू. गरीब तो, म्हणून आपण तो. त्या कुंडाच्या कठड्यावर बसलो असता प्रथमच ध्यानात आले की आमची जागा ठरविणे तितके सोपे नाही. मोठ्या नगरीत वैभव करून राहिलेले आम्ही, आणि पुरचुंडी घेऊन लाजत दारात उभे राहिलेलेही आम्हीच. द्वारकाधीशाला निदान तो दारात आलेला कळला आणि तो धावत सुटला. आमच्या दाराशी मित्र आला होता तो एका घंटीच्या रूपाने, आणि आम्ही दार लावून घेतले होते.

मित्राला आम्ही परीक्षेच्या शुल्काची आठवण दिली. तो म्हणाला, "ते तू फेडलेस ना?"

"पैसे फेडले," आम्ही म्हणालो.

"मग तेवढेच होते," तो म्हणाला, आणि उठून चालू लागला.

संध्याकाळी घंटाघरापाशी चौपाटी भरते. हिवाळ्यात तेथे गराडू तळून मिळतो. त्यावरही जिरावण आणि लिंबू. तो खाताना उभयतांत फारसे बोलणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही महाकालाचे दर्शन घेतले आणि इंदूरला जाण्यापूर्वी पुन्हा त्याच गाडीवर गेलो. या वेळी आम्ही सातला दहा कमी असतानाच पोहोचून दोन प्लेटी सांगून ठेवल्या, आणि पैसे आधीच पेटीत टाकले.

ज्या वाचकांना महाकालाच्या यात्रेस जावयाचे असेल त्यांनी दर्शनानंतर पुलापलीकडे अवश्य जावे. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. कच्चा कांदा नको असेल तर आधी सांगावे, गाडीवाले निमूटपणे वगळतात. जिरावणाची पुडी विकत मिळते. ती घरी आणल्यास आपल्या फोवांवरही चांगली लागते, आमच्या मातोश्रींनी ते मान्य केले आहे. आणि त्या गावात कोणी जुना स्नेही असेल, तर लॉजात उतरू नये.

गेल्या महिन्यात आम्ही न्यायालयातून बाहेर पडत असताना त्याचा दूरध्वनी आला. काम विशेष नव्हते. काकूंना रोसातल्या फोवांत वेलची केव्हा घालतात ते विचारायचे होते. पायऱ्यांवर अशील थांबले होते. त्यांना आम्ही पाच मिनिटे थांबण्यास सांगितले.